शालेय आपत्तिव्यवस्थापन

शाळेच्या नित्यक्रमात अकस्मात खंड पाडणाऱ्या आणि विद्यार्थी, शिक्षक व इतर कर्मचारी यांच्या जीवितास वा मानसिक स्वास्थ्यास धोका पोहोचविणाऱ्या घटनांना तोंड देण्यासाठी करावयाची पूर्वतयारी, प्रत्यक्ष प्रसंगी करावयाची कृती आणि त्यानंतर बाधित विद्यार्थ्यांना द्यावयाचा आधार, यांचा एकत्रित विचार करणारी कार्यपद्धती. भूकंप, पूर, वादळ, दरड कोसळणे यांसारख्या नैसर्गिक आपत्ती, आग, वायुगळती, अन्नविषबाधा, चेंगराचेंगरी, सहलीतील वा वाहनांचे अपघात, साथीचे रोग, दंगल, हिंसाचार व मुलांवरील अत्याचार, तसेच एखाद्या विद्यार्थ्याचा वा शिक्षकाचा आकस्मिक मृत्यू किंवा आत्महत्या, अशा विविध घटना तिच्या कक्षेत येतात. त्यांची कारणे भिन्न असली, तरी त्यांना तोंड देण्याची मूलभूत पद्धती बरीचशी समान असते.

या कार्याचे पूर्वतयारी, तात्काळ प्रतिसाद आणि पुनर्वसन असे तीन टप्पे करण्यात येतात. ही विभागणी अभ्यासाच्या सोयीची आहे. प्रत्यक्षात हे टप्पे एकमेकांत गुंतलेले असतात. आपत्तीच्या काही मिनिटांत विचारविनिमयास फारसा वाव नसतो. त्यामुळे पूर्वी घेतलेले आणि सरावाने अंगवळणी पडलेले निर्णयच त्या वेळी उपयोगी पडतात. आपत्तीनंतरच्या आधारासंबंधीही असेच म्हणता येईल. दुःखी मुलाला आपलेसे वाटेल असे वातावरण ऐनवेळी निर्माण करता येत नाही. शिक्षक व विद्यार्थी यांच्यात आधीपासून असलेला विश्वास हा त्याचा पाया असतो.

शाळेचे वेगळेपण : कार्यालय, कारखाना वा बाजारपेठ यांपेक्षा शाळेची स्थिती अनेक दृष्टींनी वेगळी असते. मर्यादित जागेत शेकडो अल्पवयीन व्यक्ती दिवसाचे काही तास एकत्र असतात. धोका ओळखून स्वतंत्रपणे निर्णय घेण्याची क्षमता त्यांच्यापैकी बहुतेकांत पूर्ण विकसित झालेली नसते. शिवाय शिक्षकांची आज्ञा पाळण्याची त्यांना सवय असते. त्या वेळेपुरती पालकांची जबाबदारी शाळेकडे आलेली असते. म्हणूनच शिक्षकांचा योग्य निर्णय एकाच वेळी शेकडो मुलांना तारतो आणि त्यांचा अनिर्णय तितक्याच मुलांना धोक्यात घालतो. ग्रामीण भागात शाळा ही पुष्कळदा गावातील प्रमुख पक्की इमारत असल्यामुळे आपत्तीत तिचा निवारा म्हणूनही उपयोग करण्यात येतो. कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या २०१९ व २०२१ मधील महापुरांत सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील अनेक शाळांत पूरग्रस्तांना आश्रय देण्यात आला होता. अशा उपयोगामुळे अध्यापन बंद पडते. ते पुन्हा केव्हा व कोठे सुरू करावयाचे, हेही पूर्वनियोजनात ठरवावे लागते.

ऐतिहासिक आढावा : शालेय सुरक्षिततेचे बहुतेक नियम मोठ्या दुर्घटनांनंतर झालेले आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लाँग बीच येथे १० मार्च १९३३ रोजी सायंकाळी झालेल्या भूकंपात सु. ७० शाळा उद्ध्वस्त झाल्या. वर्ग सुटलेले असल्यामुळे मोठी प्राणहानी टळली. तथापि हाच भूकंप काही तास आधी झाला असता, तर काय घडले असते, या विचाराने महिन्याभरातच ‘फील्ड अधिनियम’ संमत करण्यात आला आणि शालेय इमारतींच्या आराखड्यावर व बांधकामावर राज्य शासनाची कडक देखरेख आली. शिकागो येथील एका शाळेत १ डिसेंबर १९५८ रोजी लागलेल्या आगीत ९२ विद्यार्थी व ३ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. इमारत जुनी असल्याने नव्या अग्निसुरक्षा नियमांतून तिला सूट मिळालेली होती आणि उघड्या जिन्यांतून धूर वरच्या मजल्यावर पसरला होता. वेल्समधील ॲबरफॅन या खाणगावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी, शाळा नुकतीच भरली असताना, कोळसा खाणीतील टाकाऊ मालाचा ढिगारा डोंगरउतारावरून घसरून शाळेवर आला. त्यात ११६ मुले व २८ प्रौढ व्यक्ती दगावल्या. हा ढिगारा झऱ्यावर रचलेला होता आणि त्याविषयी ग्रामस्थांनी पूर्वी तक्रारीही केलेल्या होत्या.

भारतात हरयाणा राज्यातील मंडी डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाला आग लागून चारशेहून अधिक व्यक्ती मरण पावल्या. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी गुजरातमधील कच्छ भागात झालेल्या भूकंपाच्या वेळी अंजार येथे प्रजासत्ताक दिनाची संचलन फेरी अरुंद गल्लीतून चाललेली होती. दोन्ही बाजूंची घरे कोसळून फेरीतील १८५ विद्यार्थी व २० शिक्षक ढिगाऱ्याखाली गाडले गेले. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग गवती छपरामुळे वरच्या मजल्यावरील वर्गांत पसरली आणि ९४ मुलांचा बळी गेला. या दुर्घटनेच्या अनुषंगाने दाखल झालेल्या याचिकेवर २००९ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले, तसेच अग्निशामक साधने, इमारतींची तपासणी व शिक्षकांचे प्रशिक्षण यांविषयी निर्देश दिले.

केवळ वेळेच्या योगायोगाने वाचलेल्या मुलांची उदाहरणेही बोधप्रद आहेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबाद (सध्याचा धाराशिव जिल्हा) भागात झालेला किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, तर २५ एप्रिल २०१५ रोजीचा नेपाळमधील भूकंप शनिवारच्या साप्ताहिक सुटीत झाला. दोन्ही वेळी शाळा रिकाम्या होत्या. याउलट ८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीरमधील भूकंप सकाळी शाळा भरल्यानंतर झाला आणि पाकिस्तानव्याप्त काश्मीर व लगतच्या प्रदेशात हजारो विद्यार्थी शाळांच्या ढिगाऱ्याखाली दगावले. शाळा बंद असल्याने टळलेली हानी ही सुरक्षितता मानता येत नाही.

पूर्वनिर्णयाचे महत्त्व : ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानमध्ये झालेला भूकंप व त्यामागून आलेली ⇨ त्सुनामी लाट यांच्या वेळी दोन ठिकाणी आलेले अनुभव या विषयाच्या अभ्यासात पायाभूत मानले जातात. इशिनोमाकी शहराच्या हद्दीतील ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून सु. ४ किमी. अंतरावर, नदीकाठी होती. भूकंपानंतर लाट येईपर्यंत सु. ५० मिनिटांचा अवधी मिळाला. शाळेच्या मागेच टेकडी होती. तथापि त्सुनामीच्या वेळी नेमके कोठे जावयाचे, याचा स्पष्ट उल्लेख शाळेच्या आपत्ती-पुस्तिकेत नव्हता. मुले मैदानावर थांबली, मोठ्यांची चर्चा चालू राहिली आणि अखेरीस निघालेली रांग नदीच्या दिशेने गेली. ७४ मुले व १० शिक्षक मृत्युमुखी पडले वा बेपत्ता झाले. पालकांनी लावलेल्या दाव्यात सेंदाई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ मधील आदेशामुळे कायम झाला. प्रसंगावधानातील चुकीपेक्षा पूर्वतयारीतील हयगयीवर या निर्णयाचा भर आहे : शाळा व शिक्षणमंडळ यांनी पुस्तिका वेळीच सुधारली नाही, या कारणासाठी प्रशासनास जबाबदार धरण्यात आले.

कामाइशी शहरातील अनुभव याच्या विरुद्ध आहे. तेथे गुन्मा विद्यापीठातील प्राध्यापक तोशिताका काताडा यांच्या मार्गदर्शनाखाली आधीची काही वर्षे शाळाशाळांतून आपत्तिशिक्षण दिले जात होते. गृहीत धरलेल्या अंदाजावर विसंबू नये, त्या त्या परिस्थितीत शक्य ते सर्व करावे आणि इतरांची वाट न पाहता आपण प्रथम निघावे, ही तीन तत्त्वे मुलांना शिकविण्यात आली होती. भूकंप होताच माध्यमिक शाळेतील मुले उंच जागेकडे धावत निघाली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेतील, वरच्या मजल्यावर थांबलेली मुलेही बाहेर पडली. ठरलेली जागा पुरेशी सुरक्षित नाही, असे दिसताच सर्वजण आणखी उंचावर गेले. वाटेत मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले होते. शहरातील सु. ३,००० शालेय विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ सर्व वाचले.

पूर्वतयारी : तिचा आरंभ इमारतीपासून होतो. भूकंपप्रवण क्षेत्रात भूकंपरोधक बांधकाम, पूररेषेबाहेरची जागा, डोंगरउतारापासून पुरेसे अंतर, बाहेरच्या बाजूस उघडणारी दारे, पुरेशा रुंदीचे व अडगळ नसलेले जिने, भिंतीला पक्की जखडलेली कपाटे आणि वर्गांपासून अलग स्वयंपाकघर या प्राथमिक बाबी होत. त्यानंतर प्रत्येक शाळेने आपल्या परिसरातील धोक्यांची नोंद करून लेखी आराखडा तयार करावयाचा असतो. मुख्याध्यापकांच्या अनुपस्थितीत निर्णय कोणी घ्यावयाचा, धोक्याची घंटा कशी वाजवावयाची, कोणत्या वर्गाने कोणत्या वाटेने बाहेर पडावयाचे, कोठे जमावयाचे, हजेरी कोणी घ्यावयाची, प्रथमोपचार कोणी करावयाचे, पोलीस, अग्निशामक दल व रुग्णालय यांना कोणी कळवावयाचे आणि मूल कोणाच्या स्वाधीन करावयाचे, हे त्यात नावानिशी नमूद असावे लागते. अपंग विद्यार्थ्यांसाठी साहाय्यक आधीच नेमावे लागतात. पालकांचे दूरध्वनी क्रमांक व मुलांचे आजार यांची अद्ययावत यादी, तसेच जनरल रजिस्टरची प्रत शाळेबाहेरही सुरक्षित ठेवणे इष्ट असते.

रंगीत तालमीवाचून आराखडा कागदावरच राहतो. भूकंपाच्या तालमीत खाली वाकणे, मजबूत मेजाखाली आडोसा घेणे व ते घट्ट धरून ठेवणे आणि हादरे थांबल्यावर रांगेने मोकळ्या जागी जाणे शिकवितात. कच्च्या दगडमातीच्या इमारतीत दाराजवळच्या मुलांनी तत्काळ बाहेर पडणे अधिक श्रेयस्कर असते. म्हणून इमारतीचा प्रकार पाहूनच सूचना ठरवाव्या लागतात. आगीच्या तालमीत धुराखालून वाकून चालणे आणि दप्तरासाठी मागे न फिरणे यांवर भर असतो. तालीम मधल्या सुटीत, पावसाळ्यात वा एखादा जिना बंद आहे असे गृहीत धरूनही घ्यावी, म्हणजे तिच्यातील उणिवा ध्यानी येतात. मात्र लहान मुलांना पूर्वकल्पना न देता भीतीदायक देखावे उभे करणे अयोग्य होय. भेदरलेल्या मुलाच्या मनात कृतीऐवजी केवळ भीतीच उरते.

मुलांच्या प्रतिक्रिया : आपत्तीनंतर मुलांच्या वागण्यात होणारे बदल वयानुसार भिन्न असतात. पूर्वप्राथमिक वयातील मुले आईला बिलगून राहतात, सुटलेल्या सवयींकडे परततात, अंथरूण ओले करतात आणि घडलेला प्रसंग खेळातून पुन्हा पुन्हा मांडतात. प्राथमिक शाळेतील मुलांत पोटदुखी, डोकेदुखी, दुःस्वप्ने, शाळेत जाण्यास नकार व अभ्यासातील दुर्लक्ष ही लक्षणे दिसतात. आपल्याच एखाद्या खोडीमुळे अनर्थ ओढवला, अशी समजूतही आढळते. किशोरवयीन मुले अबोल वा चिडखोर होतात, अविचारी धाडस करतात; आपण वाचलो व मित्र गेला, याची अपराधी भावना त्यांना छळते. ही लक्षणे म्हणजे असाधारण प्रसंगाला मनाने दिलेला स्वाभाविक प्रतिसाद होय. आधार मिळाल्यास बहुसंख्य मुले काही आठवड्यांत सावरतात. महिन्याहून अधिक काळ लक्षणे टिकली, मूल खाणेपिणे वा बोलणे सोडू लागले किंवा जीव देण्याची भाषा करू लागले, तर तज्ञाची मदत घ्यावी लागते. जीव देण्याच्या भाषेची दखल मात्र तत्काळ घ्यावयाची असते.

काही मुलांच्या बाबतीत परिणाम दीर्घकाळ टिकतात. ॲबरफॅनच्या दुर्घटनेतून वाचलेल्या ४१ व्यक्तींची ३३ वर्षांनंतर पाहणी करण्यात आली. तिच्यात ४६ टक्के व्यक्तींना केव्हा ना केव्हा आघातोत्तर तणावविकृती जडल्याचे आणि २९ टक्के व्यक्तींमध्ये ती त्या वेळीही असल्याचे आढळले. आपण खेळताना दिसलो, तर मुले गमावलेल्या आईवडिलांना ते सहन होणार नाही, म्हणून आपण बराच काळ बाहेर खेळत नव्हतो, असे या वाचलेल्या मुलांपैकी काहींनी पुढे सांगितले आहे. वाचलेल्या मुलांकडे लक्ष देण्याची गरज यावरून ध्यानात येते. कारण ती सुखरूप आहेत, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

शाळेचे आधारकार्य : घर, माणसे व वस्तू नाहीशा झाल्या असता मुलाच्या आयुष्यातील ओळखीची गोष्ट म्हणून पुष्कळदा शाळाच उरते. घंटा, प्रार्थना, हजेरी, पोषण आहार व खेळाचा तास या नित्य गोष्टींमुळे जग पुन्हा स्थिर होत असल्याची खात्री मुलाला पटते. म्हणून झाडाखाली, तंबूत वा दुसऱ्या गावच्या शाळेत, परंतु शक्य तितक्या लवकर वर्ग सुरू करणे हे पुनर्वसनाचे आद्य कार्य मानले जाते. आरंभी अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई न करता गाणी, चित्रे, गोष्टी व खेळ यांना अधिक वेळ द्यावा लागतो. पुस्तके, गणवेश, शाळा सोडल्याचे दाखले व गुणपत्रिका यांच्या नव्या प्रती विनाविलंब देणे आणि परीक्षांच्या तारखांत सवलत देणे हाही आधाराचाच भाग होय.

शिक्षकाला मानसोपचारतज्ञ होण्याची आवश्यकता नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत ‘मानसिक प्रथमोपचार’ या संकल्पनेचे पाहणे, ऐकणे व जोडून देणे असे तीन घटक सांगितले आहेत. कोणत्या मुलाला मदतीची गरज आहे, हे पाहावे. ते जेवढे सांगेल, तेवढे शांतपणे ऐकावे. आणि नातेवाईक, डॉक्टर वा शासकीय साहाय्य यांच्याशी त्याला जोडून द्यावे. घडलेला प्रसंग सविस्तर सांगण्याची सक्ती मुलावर करू नये. तशा सक्तीने त्रास वाढण्याचा संभव असतो. ‘विसरून जा’, ‘रडू नकोस’ यांसारखे उपदेशही निरुपयोगी ठरतात. वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांच्या प्रतिनिधींपासून मुलांचे रक्षण करणे हे शाळेचे कर्तव्य होय.

मृत्यूची वार्ता मुलांना विश्वासातील व्यक्तीने, लहान गटात व साध्या शब्दांत सांगावी. ‘झोपी गेला’, ‘गावाला गेला’ यांसारखे शब्द लहान मुले शब्दशः घेतात. त्यामुळे ती परतीची वाट पाहत राहतात किंवा झोपेलाच भिऊ लागतात. वर्गातील विद्यार्थी मरण पावला असल्यास दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी त्याचे नाव अनवधानाने पुकारले जाऊ नये, त्याची बाकावरील जागा व वह्या यांचे काय करावयाचे, हे वर्गाशी बोलून ठरवावे, इतक्या बारीकसारीक गोष्टींनाही महत्त्व असते. आत्महत्येच्या प्रसंगी पद्धतीचे वर्णन व उदात्तीकरण टाळावे, एकाच कारणाकडे बोट दाखवू नये आणि जवळच्या मित्रमैत्रिणींवर विशेष लक्ष ठेवावे. कारण अनुकरणाचा धोका असतो. वर्षश्राद्ध, पावसाळ्याचा आरंभ वा पुन्हा जाणवलेला एखादा धक्का यांमुळे जुन्या भीतीला उजाळा मिळतो, हे ध्यानात घेऊन त्या दिवसांची तयारीही करावी लागते.

पोरक्या झालेल्या मुलांचा प्रश्न अधिक बिकट असतो. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सु. १,२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची सोय केली. वाघोली येथील तिचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र याच कार्यातून विकसित झाले. रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा आश्रमशाळेत असलेली काही मुले वाचली. तथापि त्यांतील काहींचे आईवडील त्या रात्री गेले. अशा मुलांच्या बाबतीत शाळा हेच घर होते. शक्य तेथे मुलाला आप्तांजवळ, भावंडांबरोबर व ओळखीच्या भाषेच्या परिसरात ठेवावे आणि निवासी शाळेत न्यावे लागल्यास गावाशी असलेला संबंध तुटू देऊ नये, असे बालकल्याणाच्या क्षेत्रात सामान्यतः मानले जाते.

शिक्षक स्वतःही आपत्तिग्रस्त असू शकतो. ज्याचे घर पडले वा ज्याच्या घरी मृत्यू झाला, त्याच्याकडून दुसऱ्या दिवसापासून पन्नास मुलांना आधार देण्याची अपेक्षा अवाजवी होय. अशा वेळी शेजारच्या तालुक्यांतून बदली शिक्षक आणणे व शिक्षकांसाठीही समुपदेशनाची सोय करणे आवश्यक असते.

भारतातील व्यवस्था : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळ्यांवर प्राधिकरणे स्थापन झाली. राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये आपत्तिग्रस्तांच्या मनोसामाजिक आधाराविषयी आणि २०१६ मध्ये शालेय सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०११ मध्ये मान्यता मिळालेला राष्ट्रीय शालेय सुरक्षितता कार्यक्रम २२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील ४३ जिल्ह्यांत, ८,६०० शाळांसाठी प्रायोगिक स्वरूपात आखण्यात आला होता. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असल्याने स्थानिक आराखड्यासाठी ती उपयुक्त ठरते. मुलांवरील लैंगिक अत्याचारांची माहिती मिळताच ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या अधिनियमाने बंधनकारक केले आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक असून मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली आहे.

मार्च २०२० पासून कोविड-१९ च्या साथीमुळे देशभरातील शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. या साथीने शालेय आपत्तीच्या कल्पनेत भर घातली. इमारती शाबूत असतानाही शाळा नाहीशी होऊ शकते आणि तिच्याबरोबर मुलांचा आहार, सोबत व शिक्षकांची नजरही जाते, हे तीत दिसून आले. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी केंद्र शासनाने, तसेच महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अर्थसाहाय्याच्या योजना जाहीर केल्या.

मर्यादा : एकशिक्षकी व द्विशिक्षकी शाळांत कामांची वाटणी करणे अवघड जाते. प्रशिक्षित समुपदेशक मुख्यतः शहरांत उपलब्ध असतात. आराखडे पुष्कळदा एकाच नमुन्यावरून उतरविले जातात. त्यामुळे डोंगरकुशीतील शाळा आणि शहरातील चारमजली शाळा यांचे आराखडे सारखेच दिसतात. वस्तुतः या कामातील बराचसा भाग फारसा खर्चिक नाही. अडगळ हलवून जिना मोकळा करणे, जमण्याची जागा ठरविणे, दूरध्वनी क्रमांकांची यादी अद्ययावत ठेवणे, वर्षातून काही वेळा तालीम घेणे आणि प्रत्येक मुलाला नावाने ओळखणे, हे लहान शाळेलाही साध्य आहे. ओकावा व कामाइशी येथील अनुभवांत जो फरक पडला, तो मुख्यतः अशाच आधी केलेल्या वा राहून गेलेल्या गोष्टींमुळे पडला.